न विचारता दिलेला नंबर

आमच्या गल्लीत टेलिफोन एकच होता, आणि ही गोष्ट कुणी विसरू नये अशी त्याच्या मालकांनी सोय करून ठेवली होती. त्यांच्या बंगलीच्या फाटकावर लाकडी पाटी होती. तिच्यावर आधी नाव, नावापुढे बी.ए., त्याखाली 'कोर्टातील दुभाषी, निवृत्त', आणि सगळ्यात खाली टेलिफोनचा नंबर. दर दिवाळीला ते स्वतः स्टूल टाकून बसत आणि ती अक्षरं पांढऱ्या रंगाने नव्याने गिरवत. अख्ख्या गल्लीला तो नंबर पाठ होता. पोरांना तो पाढ्यांच्या आधी यायचा. पण त्याचा उपयोग करायची छाती कुणाची नव्हती.

मी केला. न विचारता केला. त्याबद्दल त्यांनी चारचौघांत मला एक इंग्रजी विशेषण बहाल केलं. दिलं होतं रागाने, पण मी ते पुढे आयुष्यभर मिरवलं. माझी नातवंडं मला आगाऊ म्हणतात तेव्हा मी त्यांना सांगते, बाळांनो, मला कोर्टातल्या माणसाने ही पदवी दिलेली आहे, तुम्ही नवीन काय सांगताय.

साठचं दशक संपत आलं होतं. आम्ही अंधेरी पूर्वेला, कुर्ला रोडवरून आत वळलं की लागणाऱ्या एका बैठ्या चाळीत राहत होतो. बंगली आमच्या बरोबर समोर. बाबा परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते, गाव मालवणकडचं. मी मॅट्रिक झाले होते, टायपिंगची परीक्षा दिली होती आणि दीड वर्ष अर्ज टाकत घरी बसले होते. आईच्या मते नुसती तोंड चालवत बसले होते. तिचंही काही चुकत नव्हतं. शाळेत फळ्यावरची चूक बाईंना दाखवून अंगठे धरून उभी राहिलेली मी. वाण्याच्या तराजूच्या खाली वाकून बघायचं, मुक्काम लांबवणाऱ्या पाहुण्यांना "परत कधी जाणार?" म्हणून विचारायचं, हे सगळं मी केलेलं आहे.

त्या श्रावणात एकदा जेवताना बाबा शांतपणे म्हणाले, "ह्या गणपतीक गावाक जातलंव तेवा तू पण चल. आत्येन एक स्थळ बघल्यान हा. मास्तर आसा. नोकरी लागली तर हय ऱ्हव, नाय तर थंयच."

मास्तर चांगलाच असणार. बाबांनी मला वाईट घरी दिलं नसतं. पण मला मुंबई सोडायची नव्हती. का, ते नीट सांगता यायचं नाही. सकाळी पातळाच्या निऱ्या सारख्या करत, काखेत पर्स धरून बसस्टॉपवर उभ्या राहणाऱ्या बायका मला दिसायच्या. त्या एकमेकींशी मस्टरबद्दल, साहेबाबद्दल, पंख्याखालच्या टेबलाबद्दल बोलायच्या. मला त्या रांगेत उभं राहायचं होतं, बस्स. गणपतीला तीन आठवडे उरले होते. आईने दुसऱ्याच दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली काढली आणि माझी पातळं घडी घालून एकेक आत ठेवायला लागली. हूं नाही की चूं नाही. मला तिचा इतका राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. हिला मला घालवायची एवढी कसली घाई, असं मनात यायचं.

त्याच आठवड्यात कळलं की औद्योगिक वसाहतीतल्या एका पंपाच्या कारखान्यात जागा निघाली आहे. काम टेलिफोन ऑपरेटरचं, आणि मधल्या वेळात टायपिंग. मी तशीच उठले आणि गेले. फाटकावरच्या कारकुनाने छापील फॉर्म हातात दिला. माझ्याबरोबर आणखी पाच-सहा मुली होत्या. बऱ्याचशा पार्ल्याच्या, घरी फोन असणाऱ्या.

"फोन नंबर नीट लिहा," कारकून म्हणाला. "मॅनेजरसाहेब आधी फोनवर बोलून बघतात, मग बोलवतात. पत्रंबित्रं कुणी पाठवणार नाही. जिला फोनवर बोलता येत नाही तिला ऑपरेटर करून काय करायचं?"

बोलणं रास्त होतं. माझी अडचण एवढीच, की मी जन्मात टेलिफोनला हात लावला नव्हता. फॉर्मवर प्रश्न होता, टेलिफोन हाताळण्याचा अनुभव आहे काय? मी लिहिलं, 'होय'. खालच्या रकान्यात फाटकावरच्या पाटीचा नंबर लिहिला आणि त्याच्यापुढे पी.पी. अशी दोन अक्षरं टाकली. हात जराही कापला नाही. कापायला हवा होता.

हे पी.पी. प्रकरण आताच्या मुलांना माहीत नसेल. ज्याच्याकडे फोन नाही त्याने शेजाऱ्याचा नंबर द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचं. मग फोन करणाऱ्याला कळायचं की हा माणूस तिथे राहत नाही, त्याला हाक मारून आणावं लागणार, तेवढं थांबावं. लग्नपत्रिकांवर, दुकानाच्या बिलांवर, डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरसुद्धा असे नंबर असायचे. पण त्याची एक रीत होती. आधी शेजाऱ्याकडे जायचं, इकडचं तिकडचं बोलायचं, चहा घ्यायचा, आणि उठता उठता "तुमची हरकत नसेल तर..." म्हणून विषय काढायचा. पुढे दिवाळीत फराळाचं पहिलं ताट त्यांच्या घरी जायचं, आणि आपल्या घरातल्या पोरांनी त्यांच्या झाडाचे पेरू तोडायचे नाहीत. मी त्यातलं काहीएक केलं नव्हतं. संध्याकाळी जाऊन विचारू, असं स्वतःला सांगून मी फॉर्म कारकुनाच्या हातात दिला.

संध्याकाळी गेले. फाटकाशी पोचते तोच गॅलरीतून आवाज आला. दुभाषीसाहेब भंगारवाल्याला झापत होते. गल्लीत सगळे त्यांना साहेबच म्हणायचे. त्यांची झापण्याची पद्धत अशी होती की आधी इंग्रजीत एक वाक्य बोलायचं आणि लगेच तेच मराठीत बोलायचं. जन्मभराचा धंदाच तो. त्यामुळे भंगारवाल्याला एकाच चुकीबद्दल दोनदा बोलणी बसत होती. मी फाटकाची कडी सोडली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी गेले तर पाळी कल्हईवाल्याची होती. तिसऱ्या दिवशी समोर कुणीच नव्हतं, पण ते एकटेच पेपरवर रागावले होते. मी परत आले.

चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मी चाळीच्या नळावर कपडे धूत होते. आई शेजारीच होती. एवढ्यात साहेब चाळीच्या अंगणात येऊन उभे राहिले. पांढरा लेंगा, अंगात बंडी, हातात काठी. ते चाळीत आलेले आम्ही कुणी कधी पाहिलं नव्हतं. नळावरच्या बायकांनी घाईघाईने पदर सावरले.

"इथे टायपिस्ट कोण आहे?"

"मी," मी म्हणाले. कोपरापर्यंत साबण होता.

"माझा नंबर तू दिलास?"

"हो."

"कुणाला विचारून?"

"विचारणार होते."

"कधी?"

"तीन दिवस येतेय फाटकापर्यंत. तुम्ही सारखे कुणावर तरी ओरडत असता."

नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी कुणी नळ बंद करेना. साहेबांचे डोळे मोठे झाले.

"बोल्ड ॲज ब्रास!" ते गरजले, आणि सवयीप्रमाणे लगेच मराठीवर आले. "म्हणजे पितळेसारखी धीट! निर्लज्ज माणसाला इंग्रज लोक असं म्हणतात! समजलं?" मग त्यांनी आम्हा सगळ्यांना टेलिफोन ही काय चीज आहे, तो मिळायला किती वर्षं लागतात, दुसऱ्याची वस्तू वापरताना काय विचारावं लागतं, हे व्यवस्थित समजावून सांगितलं. प्रत्येक वाक्य दोनदा. मी मान खाली घालून ऐकत होते.

आईचा चेहरा पडला होता. "काय केलंस गो ह्या?" ती हळूच म्हणाली. "विचारल्याशिवाय त्येंचो नंबर दिलंस? तोंड दाखवूक जागा ठेवलंस नाय."

आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. साहेबांना माझ्याबद्दल कळलं कसं?

"साहेब," मी विचारलं, "फोन आलाय का माझा?"

ते थांबले. "म्हणजे काय, आलाय ना. त्या माणसाला थांबायला सांगून आलोय."

मी तशीच पळाले. साबणाच्या हाताने, खोचलेल्या पातळाने, फाटक धाडकन उघडून. दिवाणखान्यात तिवईवर क्रोशाचं कापड, त्यावर काळा टेलिफोन, आणि शेजारी त्याचा तो जड दांडा आडवा करून ठेवलेला. कुठलं टोक कानाला लावायचं ते कळेना. साहेबांच्या पत्नी, आमच्या काकू, स्वयंपाकघराच्या दारातून बघत होत्या. त्यांनी खुणेने दाखवलं. मी तो कानाला लावला. आतून आवाज येत होता, घूंऽऽ.

"गुड मॉर्निंग सर," मी म्हणाले. घूंऽऽ. मला वाटलं साहेब लोक फोनवर असाच हुंकार देत असतील. मी माझं नाव सांगितलं. मॅट्रिकचे गुण सांगितले. टायपिंगचा वेग सांगितला. ते ऐकून घेत होते, मधे बोलत नव्हते, म्हणून मला धीर आला आणि मी निबंधाच्या वहीत घोकलेली दोन इंग्रजी वाक्यंसुद्धा म्हणून दाखवली.

एवढ्यात साहेब धापा टाकत आत आले. "कुणाशी बोलते आहेस?"

"मॅनेजरसाहेबांशी. ते नुसते हुंकार देतायत."

त्यांनी माझ्या हातातून दांडा घेतला, कानाला लावला, आणि खाली ठेवला. "गेला तो. फोन ठेवून दिला त्याने. हा नुसता तारेचा आवाज आहे."

मी तिथेच जमिनीवर बसले. गेलं सगळं, असंच वाटलं. डोळ्यांसमोर गावची एस.टी. आली, मास्तर आला, ट्रंक आली. मला रडायचं नव्हतं, म्हणून मी फरशीच्या रेघा बघत राहिले.

"नोकरी कसली होती?" साहेबांनी विचारलं.

"टेलिफोन ऑपरेटरची."

ते खुर्चीत बसले.  मग दारातून फुसकन आवाज आला. काकू हसत होत्या. पदर तोंडात कोंबला तरी त्यांना आवरेना. डोळे पुसून त्या नवऱ्याला म्हणाल्या, "आणि तिचा फोन घालवला कुणी? तुम्ही! निरोप द्यायला गेलात की व्याख्यान द्यायला? तो बिचारा माणूस किती वेळ थांबणार?"

साहेबांनी घसा खाकरला. काठी या हातातून त्या हातात घेतली. हा मुद्दा त्यांच्या लक्षात आला नव्हता, आणि आल्यावर तो त्यांना खोडता येईना. "त्यांचा नंबर आहे तुझ्याकडे?" त्यांनी विचारलं.

फॉर्मची फाडून दिलेली पावती घरी होती. तिच्यावर नंबर होता. मी धावत जाऊन आणली. "फिरव," ते म्हणाले. मी चकतीच्या भोकात बोट घातलं, शेवटपर्यंत नेलं आणि बोटानेच परत आणलं. चकती सोडायची असते हे मला कुठे ठाऊक! पहिल्या वेळी फोन कुठल्याशा प्रसूतिगृहात लागला. तिकडच्या बाईने "मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत" असं सांगून ठेवून दिला. काकू पुन्हा हसायला लागल्या. दुसऱ्या वेळी कुणीच उचलला नाही. तिसऱ्या वेळी साहेबांनी माझं बोट धरून बाजूला केलं आणि दाखवलं, असं न्यायचं, आणि असं सोडून द्यायचं. तेव्हा कुठे कारखाना लागला.

"मी किती वेळ फोन धरून बसलो होतो!" मॅनेजर इंग्रजीत म्हणाले.

"सर, हा पी.पी. नंबर आहे," मी म्हणाले. "ज्यांचा फोन आहे ते स्वतः चालत मला बोलवायला आले होते. त्यांचं वय झालंय, सर."

साहेबांनी भुवया वर केल्या.  मग मॅनेजर म्हणाले, "उद्या दहा वाजता या. फोनचा बोर्ड कसा चालवायचा ते जुनी ऑपरेटर शिकवेल. तुम्ही लोकांशी कशा बोलता, तेवढं मला बघायचं आहे."

मी दांडा जागेवर ठेवला. साबण वाळलेले हात पातळाला पुसले.

"उद्या दहा," साहेब म्हणाले. "म्हणजे आजची संध्याकाळ आपल्या हातात आहे." आपल्या, असं ते म्हणाले, हे मी नंतर काकूंकडून ऐकलं. तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

संध्याकाळी पाचला त्यांनी मला फोनशेजारच्या खुर्चीत बसवलं, खिशात सुटी नाणी टाकली आणि नाक्यावरच्या इराण्याकडे गेले. तिथे नाणी टाकून बोलायचा फोन होता. दहा मिनिटांनी इकडे घंटी वाजली. मी उचलला. तिकडून कुणी गुजराती शेठ बोलत होता. त्याचा पंप गळत होता आणि तो माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मी इतकी घाबरले की काकूंकडे बघून पुटपुटले, "राँग नंबर लागलाय वाटतं."

"अगं, ते आहेत," काकू म्हणाल्या.

विश्वास बसेना. फोन ठेवला, पुन्हा वाजला. आता एक तापट इंग्रज होता. मग नाव सांगायला तयार नसलेला एक खवचट माणूस. मग मुलाला कारखान्यात चिकटवा म्हणून रडणारी बाई, अगदी हुंदक्यांसकट. गल्लीत बंडी घालून फिरणारा हा कडक माणूस तिकडे इराण्याच्या गल्ल्याशी उभा राहून बाईच्या आवाजात रडत होता, हे डोळ्यांसमोर येऊन मला हसू फुटलं. तिकडून लगेच मूळ आवाज आला, "हसू नकोस. रडणाऱ्याला हसलीस तर तो जन्मभर विसरत नाही." आणि पुन्हा हुंदके.

मधल्या वेळात काकू चिवडा पुढे करून मला म्हणाल्या, "तीस वर्षं कोर्टात दुसऱ्यांचंच बोलले गं ते. साक्षीदार 'मी' म्हणाला की यांनीही 'मी'च म्हणायचं, तसाच नियम असतो. 'मी चोरी केली नाही', 'मी माझ्या भावाला मारलं नाही', असं यांनी किती वेळा सांगितलंय त्याला गणती नाही. घरी आले की मिटून बसायचे. आता निवृत्त झाल्यापासून ओरडायला लागलेत. मला बरंच वाटतं." मला त्या क्षणी साहेब एकदम आवडले. भंगारवाल्याने हे ऐकायला हवं होतं असंही वाटलं.

शेवटी शेवटी मी बरी बोलायला लागले होते. पण आठव्या की नवव्या फोनला त्यांनी असं काही उर्मट गिऱ्हाईक काढलं की माझा तोल गेला. "नीट बोला, नाहीतर ठेवते," म्हणाले आणि ठेवला. दिवेलागणीला साहेब परत आले. घसा बसला होता. "ऑपरेटरने आधी ठेवायचा नसतो," ते म्हणाले. "समोरचा काहीही बरळू दे. तो दम घ्यायला थांबला की विचारायचं, कुणाशी जोडून देऊ? बस्स. धीटपणा तिथे लागतो. नळावर माझ्याशी भांडताना लागत नाही."

"आणि इराणी काय म्हणाला?" काकूंनी विचारलं.

"घरात सगळं ठीक आहे ना, म्हणून विचारत होता. चहाचे पैसे घेतले नाहीत त्याने."

दुसऱ्या दिवशी मी आईचं हिरवं पातळ नेसून कारखान्यात गेले. निघताना आईने माझ्या केसांना तेल लावलं. मॅनेजर चष्मेवाले, टक्कल पडलेले, दिसायला गरीब होते. त्यांनी मला बोर्डाशी बसवलं, जुन्या ऑपरेटर बाईंनी कुठली किल्ली कशाची ते सांगितलं, आणि ते स्वतः शेजारच्या खोलीत गेले. घंटी वाजली. त्यांनी रागावलेलं गिऱ्हाईक व्हायचा प्रयत्न केला. खरं सांगते, साहेबांच्या मानाने फारच कच्चे. मला त्यांची दयाच आली. ते दम घ्यायला थांबले तेव्हा मी म्हणाले, "कुणाशी जोडून देऊ, सर?"

त्यांनी मला आपल्या टेबलासमोर बोलावून बसवलं आणि माझा फॉर्म उघडला. "अनुभव आहे असं लिहिलंय. कधीपासून?"

खोटं तयार होतं जिभेवर. साधं, छोटंसं. पण ते बाहेर येईना. "कालपासून," मी म्हणाले.

"फॉर्म तर आधी भरलाय."

"हो सर. तेव्हा खोटं लिहिलं."

त्यांनी चष्मा काढला. "आणि हा पी.पी. नंबर? हे गृहस्थ कोण तुमचे?"

"कुणी नाहीत. समोर राहतात. नंबर देताना त्यांना विचारलंही नव्हतं."

मॅनेजरांनी फोन पुढे ओढला आणि माझ्यासमोर तो नंबर फिरवला.  साहेब कोर्टातले. शपथेवर बोलण्यात आयुष्य गेलेलं. माझ्यासाठी ते एक अक्षर खोटं बोलणार नाहीत हे मला पक्कं माहीत होतं. मॅनेजर "यस... यस... आय सी..." एवढंच म्हणत होते. मधेच त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या होत्या. गणपती, मास्तर, गाव, सगळं त्या तारेवर लोंबकळत होतं, आणि मला फक्त अलीकडचं अर्धंच ऐकू येत होतं.

त्यांनी फोन ठेवला आणि हसायला लागले.

"तुम्ही काल सकाळपर्यंत फोनला हात लावला नव्हता, हे खरं आहे म्हणाले. नंबर चोरलात, हेही खरं. सगळ्या चाळीसमोर त्यांना 'तुम्ही ओरडता' म्हणालात, तेही. मग मी विचारलं, हिला घेऊ की नको? तर म्हणाले, बोल्ड ॲज ब्रास. तुमच्या फोनवर दिवसभर लोक ओरडणार, घाबरणारी मुलगी घेऊन काय करणार तुम्ही?"

मला तोंड उघडता येईना. माझ्या बाबतीत हे क्वचितच घडलं आहे.

"सोमवारपासून या," ते म्हणाले. "घरी कळवायचं असेल तर कळवा." आणि फोन माझ्याकडे सरकवला.

मी नंबर फिरवला. चकती दरवेळी पूर्ण सोडली. पहिल्याच घंटीला साहेबांनी उचलला.

"झालं का?"

"झालं, काका." आजवर मी त्यांना काका म्हटलं नव्हतं. तसंच तोंडून गेलं.

 दांडा तिवईवर ठेवल्याचा आवाज आला, मग चपलांचा, मग गॅलरीचं दार. आणि मग गॅलरीतून त्यांचा तो आवाज, तीन मैलांवर माझ्या कानात, "अहो वहिनी! लवकर या! आपल्या मुलीला नोकरी लागली!"

बराच वेळ नुसती धावपळ ऐकू येत होती. काकू कुणाला तरी "इकडे, इकडे, असं धरा" म्हणत होत्या. मग अगदी जवळ, मोठमोठ्याने श्वास घेतल्याचा आवाज.

"गो, तू आसंस?" आई ओरडली. औद्योगिक वसाहत लांब आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती तेवढ्या मोठ्याने बोलत होती. मॅनेजरसाहेबांना सगळं ऐकू जात होतं.

"आसंय, आये."

"नोकरी लागली? खरा?"

"खरा. सोमवारपासून."

"मगे आता तुका गावाक जाऊचा नाय मां?"

 मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गो, बोल मां! जाऊचा नाय मां तुका?"

"नाय, आये. नाय जाऊचा."

तिकडून नुसते हुंदके आले.  आई रडत होती. तिलाही मी जायला नको होते, आणि ती बाबांना किंवा मला एका शब्दाने ते बोलली नव्हती. मीही रडायला लागले, कारखान्याच्या ऑफिसात, परक्या माणसाच्या टेबलाशी बसून. मॅनेजरसाहेब उठले आणि खिडकीपाशी जाऊन पाठ करून उभे राहिले.